ट्रॅक थांबत नाही : मोबाईलच्या साथीवर एकट्यानं गाताना

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना तुटलेली वाक्यं जोडून घेतली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

"दादा, ट्रॅकवर गायला काय काय लागतं?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदाच बसून सगळं सांगून टाकतो. माईक कुठला घ्यावा, ॲप कुठलं घ्यावं, हे सांगायला यूट्यूबवर भरपूर लोक आहेत. मी सांगणार आहे ते ट्रॅक स्टेजवर कुठे कुठे दगा देतो ते. सुरुवात माझ्या फजितीपासून.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना, केज तालुक्यातल्या एका गावात हळदीचा कार्यक्रम. आपल्या बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात लग्नांची गर्दी का असते ते तुम्हाला माहितीच आहे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला गेलेली माणसं कारखान्यांचा पट्टा पडला की परत येतात, आणि मग घराघरांत सनई. त्या दोन महिन्यांत गाणाऱ्याला रोज कुठे ना कुठे बोलावणं. मी एकटाच गेलो होतो. मोटरसायकल, पाठीवर बॅग, बॅगेत माईक आणि मोबाईल, मोबाईलमध्ये चाळीस ट्रॅक.

साऊंडवाल्यानं मिक्सरमधून एक वायर दिली, मी ती मोबाईलला लावली आणि पहिलं गाणं चालू केलं. ढोलकी गायब! बेस गायब. मागे नुसती व्हायोलिनं तरंगतायत आणि कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखा घुमारा. घरी हेडफोनवर हाच ट्रॅक खणखणीत वाजत होता. मी दोन ओळी तशाच रेटल्या. पुढे बसलेल्या करवल्यांपैकी एक ओरडली, "दादा, गाणं पाण्यातून येतंय का?" सगळा मांडव हसला.

शेवटी नवरदेवाचे चुलते उठले, मारुतीच्या देवळातून भजनी मंडळाची ढोलकी घेऊन आले आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले. त्यांनी मला आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. मी पहिली ओळ एकट्यानं म्हटली, दुसऱ्या ओळीला त्यांचा हात माझ्याबरोबर होता. कार्यक्रम तरला. घरी येताना मात्र डोक्यात एकच होतं: चाळीस ट्रॅक घेऊन गेलो आणि वाचवलं कुणी, तर न ओळखणाऱ्या एका माणसानं.

ढोलकी का गायब झाली, हे मला कळायला महिना लागला. तुम्हाला दोन मिनिटांत सांगतो, कारण ही चूक नव्याण्णव टक्के लोक एकदा तरी करतात. (नव्याण्णव हा माझा अंदाज बरं का, कुणी मोजलेलं नाही.) मोबाईलमधून आवाज दोन वाटांनी बाहेर पडतो, डावी आणि उजवी. हेडफोनच्या पिनेवर दोन काळे पट्टे असतात, म्हणजे धातूचे तीन भाग: टोकाला डावा आवाज, मधल्या कड्यात उजवा, आणि मागे अर्थिंग. आता मिक्सरच्या साध्या चॅनलला जे भोक असतं, तेही बऱ्याचदा तीन भागांचीच पिन घेतं. पण त्याचा हिशोब वेगळा असतो. ते दोन तारांमधला फरक काढतं. टोकावरच्या आवाजातून कड्यावरचा आवाज वजा. लांब वायरीत घुसलेली घरघर दोन्ही तारांत सारखीच असते, ती वजा होऊन जावी म्हणून ही सोय केलेली आहे.

म्हणजे माझ्या बाबतीत काय झालं? डाव्यातून उजवं वजा झालं. गाण्यात जे काही मधोमध ठेवलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखं, ते शून्य. आणि मधोमध काय असतं? बहुतेक वेळा ढोलकी, बेस आणि गायकाचा आवाज. उरतं ते कडेला पसरवलेलं, व्हायोलिनं आणि घुमारा. ट्रॅक पूर्ण मोनो असता तर काहीच ऐकू आलं नसतं.

उपाय साधा आहे. एका बाजूला मोबाईलची पिन आणि दुसऱ्या बाजूला दोन सुट्या मोठ्या पिना असलेली वायर घ्यायची, आणि त्या दोन पिना दोन वेगवेगळ्या चॅनलला लावायच्या. ही वायर आपल्या बॅगेत आपली असावी. साऊंडवाल्याकडे असेल या भरवशावर जाऊ नका. नवीन फोनला हेडफोनचं भोकच नसतं, तेव्हा ते छोटं टाईप-सीचं जोडणी-यंत्रही हवं, आणि ते एक नाही, दोन. कारण ते हरवतंच.

गंमत म्हणजे, जुन्या काळी गाण्यातून गायकाचा आवाज काढून कराओके करायची जी युक्ती होती, ती हीच. डाव्यातून उजवं वजा करा, मधला गायक जातो. त्याच्याबरोबर ढोलकी पण जाते, म्हणून ते ट्रॅक असे पोकळ वाटायचे. आता तसं राहिलेलं नाही. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं स्प्लीटर नावाचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. ते शिकवलेल्या यंत्रबुद्धीनं गाण्यातला आवाज, ढोल, बेस वेगवेगळे करतं. त्यानंतर अशी ॲपं फोनवर आली. आज बसस्टँडवर बसून कुठल्याही गाण्याचा ट्रॅक काढता येतो. फक्त तो हेडफोनवर ऐकून खूश होऊ नका. गायकाच्या आवाजाची पुसट सावली त्यात राहते, आणि मोठ्या स्पीकरवर ती भुतासारखी मागे गुणगुणते. एकदा तरी मोठ्या साऊंडवर ऐकल्याशिवाय ट्रॅक कार्यक्रमात नेऊ नये.

आता पट्टी. इथे पोरं सगळ्यात जास्त मार खातात. मूळ गाणं ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत ट्रॅक मिळतो, आणि आपण तो तसाच घेऊन गातो. मुखडा जमतो, अंतऱ्याला गळा फाटतो. माझा आवाज काळी एकमध्ये बसतो. बायकांची गाणी बऱ्याचदा काळी चार, काळी पाचच्या आसपास असतात. ट्रॅक अर्ध्या-अर्ध्या सुरानं खाली-वर करायची सोय बहुतेक ॲपमध्ये आहे, पण दोन-तीन पायऱ्यांच्या पुढे गेलात की ढोलकी ढोलकीसारखी वाजत नाही. खाली उतरवली तर पिंपासारखी, वर चढवली तर डब्यासारखी. म्हणून आधी आपली पट्टी पेटीवर शोधा. अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर, सकाळी उठल्या उठल्या, चहा न पिता लागला पाहिजे. लागला तर ती तुमची पट्टी. तिसऱ्या तासाला गळा असाच असतो.

हे सगळं तांत्रिक झालं, आणि तांत्रिक गोष्टी शिकता येतात. खरी अडचण दुसरी आहे. ट्रॅक थांबत नाही.

आपल्याकडचा कार्यक्रम डोळ्यांसमोर आणा. गाणं रंगात आलंय, एवढ्यात एक चिठ्ठी येते. "अमुक अमुक पाटलांकडून शंभर रुपयांचं बक्षीस." नाव घ्यावंच लागतं, आणि नीट घ्यावं लागतं, नाहीतर पाटील रुसतात. वाजवणारी माणसं असली की काय करतात? गाणाऱ्यानं मान हलवली की ढोलकी हळू होते, नुसता ठेका चालू राहतो, पेटीवाला एका सुरावर रेंगाळतो. नाव घेऊन झालं, टाळ्या झाल्या, गाणाऱ्यानं उचल घेतली की सगळे पुन्हा समेवर. ट्रॅक? त्याला पाटील माहीत नाहीत. तुम्ही नाव घेत असता आणि मागे अंतरा निघून गेलेला असतो.

कीर्तनात बघा. आपल्या भागात कीर्तन न ऐकलेला माणूस सापडणार नाही. मागे टाळकरी उभे, एका बाजूला पखवाज, पेटी, मध्ये विणेकरी. महाराज अभंगाच्या मध्येच थांबतात, दृष्टांत सांगतात, लोकांना हसवतात, आणि मग एकदम चरण धरतात. कुठे थांबणार, किती वेळ थांबणार, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं, कधीकधी महाराजांनाही. तरी पखवाजाची थाप बरोबर पडते. कारण पखवाजवाला महाराजांकडे बघत असतो.

आणि एकट्यानं गाणं म्हणाल तर ते आपल्याकडे काही मोबाईलबरोबर आलेलं नाही. पहाटे येणारा वासुदेव एकटाच असतो. हातात टाळ-चिपळ्या, पायात घुंगरू. साथ त्याच्या अंगावरच असते. गोंधळ्यांकडे संबळ-तुणतुणं. संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांना तुम्ही मोबाईलवरच ऐकलं असेल, भीमगीतं गातात. साथीला हातात एकतारी. फोननं त्यांना घरोघर पोचवलं, पण साथ फोनची नाही, स्वतःच्या बोटाची. ही सगळी माणसं एकटी गातात, मात्र मनात आलं की थांबू शकतात. लोक डोलायला लागले तर लय वाढवू शकतात. आपण ट्रॅक लावला की हे दोन्ही हक्क सोडून देतो.

मधला एक मार्गही आहे, आणि तो शास्त्रीय गाणाऱ्यांनी आपल्या आधीच धरला. बंगळूरला जी. राज नारायण नावाचे अभियंते आहेत, स्वतः बासरी वाजवणारे. त्यांच्या रॅडेल कंपनीनं आधी इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि मग तबल्याचं यंत्र बाजारात आणलं. आता तेच काम फोनवरची ॲपं करतात. ताल निवडा, केरवा, दादरा, भजनी. लय फिरवा, पट्टी फिरवा. ते गाणं वाजवत नाही, नुसता ठेका धरतं. म्हणून तुम्ही कितीही वेळ थांबा, अंतरा तीनदा म्हणा, बक्षिसाची पाच नावं घ्या, ठेका तिथेच असतो. ऐकायला ट्रॅकइतकं भरगच्च नाही लागत, हे खरं. पण रियाज करायचा असेल तर मी ट्रॅकवर कधीच करत नाही. ट्रॅकवर रियाज केला की लय तुमच्या अंगात बसत नाही, ती फोनमध्येच राहते.

स्टेजवर मी आता दोन्ही वापरतो. दर गाण्याच्या दोन फाईली. एक अख्खा ट्रॅक, आणि दुसरी त्याच पट्टीतला, त्याच लयीतला नुसता ठेका, पाच मिनिटांचा. चिठ्ठी आली किंवा "वन्स मोअर" झाला की दुसऱ्या फोनवरून ठेका. ट्रॅकच्या सुरुवातीला चार टकटक जोडून ठेवलेत, म्हणजे उचल चुकत नाही. लांबलचक मधलं म्युझिक कापून टाकलंय. रेकॉर्डिंगमध्ये ते छान वाटतं, स्टेजवर एकटा माणूस चाळीस सेकंद माईक धरून नुसता उभा राहिला की लोक मोबाईल काढतात. आणि गाता गाता सम चुकलीच, तर ट्रॅकच्या मागे पळू नका. गप्प व्हा, टाळी वाजवा, लोकांकडे बघून हसा, पुढच्या ओळीला शांतपणे चढा. पळत सुटलात तर चूक सगळ्यांना कळते.

ऐकू येण्याचंही सांगतो. गावात स्पीकर कधीकधी स्टेजपासून लांब, पार रस्त्याच्या खांबाला बांधलेले असतात. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे स्पीकर ३४ मीटर लांब असेल तर तुमच्या कानावर ठेका एक दशांश सेकंद उशिरा येतो. तुम्ही त्यावर गायलात की जवळच्या स्पीकरपाशी बसलेल्यांना तुम्ही सतत मागे ऐकू येता. म्हणून पायाशी एक छोटा मॉनिटर मागून घ्या, भांडून घ्या. ब्लूटूथचं पण तेच. त्यात आवाज एक ते तीन दशांश सेकंद मागे राहतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतरच अर्धा सेकंद असतं. फोनवर सरकणारे शब्द बघून गात असाल तर शब्द पुढे, ढोलकी मागे. वायर लावा, वायरीला पर्याय नाही.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. एका जयंतीच्या कार्यक्रमात माझा ट्रॅक मध्येच बंद पडला आणि रिंगटोन वाजली, आईचा फोन, "जेवलास का?" सगळ्या चौकानं ऐकलं. एप्रिल-मेमधल्या उन्हात फोन तापून स्वतःच बंद पडतो, तो सावलीत, ओल्या फडक्याशेजारी ठेवा, फडक्यावर नको. आणि लाईट जाणारच हे धरून चला. फोनला बॅटरी आहे, मिक्सरला नाही. बॅगेत टाळांचा एक जोड ठेवा. अंधारात टाळ वाजले तरी माणसं बसून राहतात.

कायद्याचं थोडक्यात. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकरला बंदी आहे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देता येते, ते दिवस कुठले ते जाहीर होतं, बघून घ्या. सिनेमातली गाणी लग्नात गाण्याला कॉपीराईट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. पण तोच कार्यक्रम यूट्यूबवर टाकलात की ती सवलत संपली, मग व्हिडिओवर दावा येतो. दुसऱ्याचा ट्रॅक असेल तर त्याचाही वेगळा.

आता राहिली ती गोष्ट, जिच्यासाठी खरं तर हा भाग केला.

कराओके काढल्याचं श्रेय बऱ्याचदा कुणाला देतात ठाऊक आहे? जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए म्हणून एक साथीदार वादक होता. बारमध्ये गिऱ्हाईकं गायची, हा मागे वाजवायचा. त्याचं एक नेहमीचं गिऱ्हाईक, एका कंपनीचा मालक, गावाला निघालं होतं, आणि तिथेही त्याला यानेच साथ द्यायला हवी होती. इनोउएला जाता येत नव्हतं. मग त्यानं काय केलं, त्या माणसाला जमेल अशा पट्टीत, जमेल अशा लयीत वाजवून टेप करून दिली. त्यातून १९७१ मध्ये त्याचं नाणं टाकून चालणारं यंत्र आलं. त्यानं पेटंट घेतलं नाही, पैसा दुसऱ्यांनी कमावला. २००४ मध्ये त्याला गमतीचं नोबेल म्हणतात तो इग नोबेल मिळाला, तोही शांततेसाठी.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावचे ढोलकीवाले मामा आठवले. सख्खे नाहीत, पण सगळं गाव मामाच म्हणतं. माझ्या पहिल्या कार्यक्रमापासून ते माझ्याबरोबर होते. ट्रॅक घेतल्यावर मी त्यांना न्यायचं बंद केलं. दोन माणसं, दोन जेवणं, गाडीभाडं, मानधनात वाटणी, असा हिशोब केला होता मी. त्यांना सांगितलं सुद्धा नाही, नुसता फोन केला नाही. केजच्या त्या रात्रीनंतर काही दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. मला वाटलं चिडतील. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि म्हणाले, "अरं, मी तुझ्या तोंडाकडं बघून वाजवितो. त्यो मोबाईल कुणाकडं बघतो?" मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं. पण दर वेळी दोघांना परवडत नाही, हे पण खरंय." ते म्हणाले, "तेवढं मला बी कळतंय की."

मग आम्ही इनोउएचंच केलं. त्यांच्या ओसरीवर दोन दिवस बसलो, दुपारी, जनावरं रानात गेल्यावर. बँडलॅब नावाचं फुकट ॲप फोनवर घेतलं. आधी मी पेटीवर साधी चाल वाजवून घेतली, मग मामांनी माझं गाणं हेडफोनवर ऐकत ढोलकी वाजवली. कुठे मी श्वास घेतो, कुठल्या ओळीला मी नेहमी घाई करतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे त्यांनी हात आखडता घेतलाय. बारा गाणी झाली. मागे कुठे कुठे कोंबडा आरवतो, तो काढता आला नाही. बाजारातल्या ट्रॅकसारखे हे चकचकीत नाहीत, पण अंतऱ्याला माझा गळा आता फाटत नाही.

पैशाचं असं ठरलंय: त्यांचे ट्रॅक जिथे वाजतात त्या दर कार्यक्रमामागे त्यांचा ठरलेला वाटा, ते घरी बसलेले असले तरी. आणि मोठ्या कार्यक्रमाला, जिथे दोघांचं भागतं, तिथे ते स्वतः येतात. मग मी फोन बॅगेतच ठेवतो. गेल्या १४ एप्रिलला ते आले होते. चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येत होत्या, मी सतरा नावं घेतली एका गाण्यात, आणि मामांचा ठेका खाली बसला नाही. नंतर मला म्हणाले, "ते सतरा लोकांचं नाव घिऊस्तोवर माझा हात मोडायचा राहिला. ती ठेक्याची फाईल कुठंय तुझी?"

पुढच्या भागात त्यांनाच बसवणार आहे माईकसमोर. तुमचे प्रश्न पाठवून ठेवा, पण व्हॉइस नोटच पाठवा, मामा वाचत बसणार नाहीत.